यरीहोची भिंत आणि वहिनींचा खडा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बँडमास्तरांच्या खोलीत शिरलं की आधी वास भेटतो. पितळेच्या पॉलिशचा, सांधे जोडायच्या डाखाचा आणि इस्त्रीखाली आलेल्या ओल्या कापडाचा. खोली एकच. अर्धी मास्तरांची, अर्धी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, शिवणयंत्राची. चेपलेले भोंगे, अडकलेले पिस्टन, गळके सांधे, असलं सगळं आजारी पितळ मास्तरांकडे येतं आणि बरं होऊन जातं. मास्तरांचं स्वतःचं दुखणं मात्र जुनं होतं. लग्नापासून मयतापर्यंत आयुष्यभर ट्रंपेट वाजवलं, पण कुणी थांबून ऐकलं नाही. ते म्हणायचे, "आम्ही सुरू झालो की लोक जेवायला उठतात."

अशा माणसाला कुणी सांगितलं, की तुझ्या हातातल्या वाद्यात किल्ला पाडायची ताकद आहे, तर तो विरघळणार नाही तर काय?

सांगणारा होता एक पाहुणा वक्ता. चर्चमध्ये प्रार्थनासभा झाल्यावर त्याचं व्याख्यान ठेवलं होतं, वहिनींबरोबर मीही गेले होते. मी त्याचं बारसं 'कंपनाचार्य' असं केलं. बायबलमधला कराराचा कोश, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ती पेटी, म्हणजे म्हणे विजेची पेटी. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेली चाकं म्हणजे अवकाशयान. आणि यहोशवाच्या लोकांनी कर्णे फुंकल्यावर कोसळलेला यरीहो शहराचा तट? तो कर्ण्यांच्या 'फ्रिक्वेन्सी'नं पडला, प्राचीन लोकांना ते तंत्र ठाऊक होतं! मग हळूच मुद्द्यावर आला. तोच नाद रोज अंगावर घेतला तर पोटातले खडेसुद्धा फुटतात. "दवाखान्यात तरी काय करतात? लहरींनीच फोडतात ना?"

निव्वळ थापाड्या परवडला, त्याला लोक दुसऱ्या दिवशी ओळखतात. हा अर्धं खरं बोलणारा जास्त वाईट.

माझी शाळा अर्धवट सुटली. जे शिकले ते रद्दीतल्या पुस्तकांतून आणि भांडणांतून. म्हणून गप्प बसायची सवय लागली नाही. मास्तर मला वकीलीणबाई म्हणतात ते त्यामुळेच. उभी राहिले. म्हटलं, "लाकडी पेटी आतून-बाहेरून सोन्यानं मढवली म्हणून तिच्यात वीज येत नाही. भरली कुणी? आणि काचेचा पेला एका सुरात झणझणतो म्हणून फुटतो. दगडमातीचा जाडजूड तट झणझणत नाही, तो आवाज गिळून बसतो. तो पाडण्याइतका आवाज केला असता तर आधी वाजवणाऱ्यांच्या कानांची वाट लागली असती!"

कंपनाचार्य गोड हसला. "ताई, तुमची कंपनं फार नकारात्मक आहेत."

सभागृह खदखदलं. मास्तरही हसले. ते मला लागलं.

लागलं ते माझ्या अपमानामुळे नव्हे. वहिनींच्या मूत्रनळीत खडा अडकला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की वर मूत्रपिंड फुगतंय, उशीर केलात तर ते कामातून जाईल. आणि त्याच संध्याकाळी मास्तरांनी दवाखान्यात निरोप दिला, "आत्ता नको. आम्ही घरीच बघतोय."

मग रोज दुपारी तो तमाशा. वहिनी खुर्चीवर उलट्या बसायच्या, मास्तर ट्रंपेटचं तोंड त्यांच्या कमरेशी नेऊन गाल फुगवायचे. वर माझ्या फडताळातले पेले किणकिणायचे. जिन्यात भेटल्या की मी विचारायची, "वहिनी, काही फरक?"

"आहे की. हलकं वाटतं." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या.

एकदा झंपर घट्ट करून घ्यायला खाली गेले. माप घेताना वहिनींचा हात माझ्या दंडाला लागला, तो तव्यासारखा तापलेला.

"वहिनी, ताप आहे तुम्हाला!"

"सकाळपासून जरा कणकण आहे. बोलू नकोस."

न बोलायला मी काय भिंत आहे? सरळ मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. "ठेवा ती पिपाणी खाली! बायको तापानं फणफणलीय आणि तुम्ही फुंकताय!"

"पिपाणी? वकीलीणबाई, तोंड सांभाळ. तुला देव ठाऊक नाही, तुला काय कळणार?"

"देव मध्ये आणू नका. त्या कंपनाचार्याला ओळखते मी!"

"शास्त्र आहे ते! यहोशवानं तट पाडला..."

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण आम्ही दोघं थांबलो. "तट देवानं पाडला की ट्रंपेटनं, ते एकदा ठरवा. ट्रंपेटनं पाडला असेल, तर मग प्रार्थना कुणाची करायची? तुमची?"

मास्तरांनी ट्रंपेट खाली ठेवलं.

वहिनी टेबलाशी गेल्या. दोऱ्याच्या रिळांमागून औषधाची रिकामी बाटली काढली. गेल्या खेपेला पडलेला खडा होता तिच्यात, डॉक्टरांना दाखवायला जपलेला. तो त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेवला. "हा आधी फोडून दाखवा. ह्याच्या आड ना कातडी, ना मांस."

मास्तरांनी ट्रंपेट उचललं. असा सूर लावला, की मी दातांवर दात दाबले. टाचण्यांची डबी किणकिणली, कात्री गुणगुणली, खिडकीची काच थरथरली. खडा झाकणावर दोन टणाटण उड्या मारून स्वस्थ बसला. मास्तरांनी पुन्हा श्वास भरला. पुन्हा तेच.

त्यांनी खडा चिमटीत घेऊन दाबून पाहिला. "एवढासा तर आहे गं."

"हं."

"मग तुला हलकं वाटायचं ते?"

"एक दिवससुद्धा नाही वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

वहिनी खुर्चीत बसल्या. "तुम्ही इतके खूश होऊन वाजवत होता. आपलं कुणीतरी ऐकतंय, असं पहिल्यांदाच तुमच्या तोंडावर दिसलं. ते कसं मोडू?"

मास्तरांनी ट्रंपेट पेटीतही ठेवलं नाही, जमिनीवर टाकलं. पितळ चेपलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "वकीलीणबाई, टॅक्सी बोलाव. पळ!"

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना एका दमात झापलं. आधी आत नळी घालून तुंबलेलं मोकळं केलं. ताप उतरला. खडा फोडायचा तो नंतर, अंगात बळ आल्यावर. तो दिवस आला तेव्हा मास्तर बाहेर बाकावर बसून गुडघ्यावर बोटांनी पिस्टन दाबत होते. सूर नव्हता, नुसती बोटं.

दार उघडलं. "फुटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडही सावरलंय. थोडक्यात वाचलात."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. मीही भिंतीकडे वळून नाक पुसलं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "कशानं फुटला?"

"लहरींनी. आवाजाच्याच जातीच्या म्हणा. पण त्या सगळ्या नेमक्या खड्यावर गोळा कराव्या लागतात. भिंगानं ऊन गोळा करतो ना, तशा. आणि खडा कुठे आहे ते यंत्रावर बघत बघत."

मास्तर सावकाश माझ्याकडे वळले. डोळे ओले आणि चेहऱ्यावर तोच जुना माज. "वकीलीणबाई! म्हणजे शेवटी आवाजानंच!"

भिंगाचं, यंत्राचं, कंपनाचार्याचं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. अशा दिवशी मास्तरांना एवढी सूट द्यायला माझी हरकत नव्हती.

आत वहिनी उशीला टेकून पडल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

"आवाजानंच," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. त्या मशीनचा एकही सूर चुकला नाही."

मास्तर इतक्या मोठ्यानं हसले, की नर्स धावत आली.