सोळाशेचा रोल

माझे वडील भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच शेठकडे काढली. कारखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण आमच्यातल्या कुणीही तो आतून पाहिलेला नव्हता. आई त्याच गल्लीतून बाजाराला जायची. कारखान्याच्या दाराशी आली की खडखडाटामुळे पदर कानावर घ्यायची आणि पाय उचलून पुढे व्हायची. तिला कारखाना ठाऊक होता तो बाबांच्या शर्टांवरून. धुवायला टाकण्याआधी ती ते दारात उभी राहून झटकायची आणि रुई उडून समोरच्या जास्वंदीवर बसायची.

बाबा अबोल, असं आम्ही धरूनच चाललो होतो. आई बोलायची, ते जेवत राहायचे. दोनदा विचारलं तर एकदा मान हलवायचे. "ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हा यांचा स्वभावच," असं आई शेजारणींना सांगायची.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी कॉलेजात होते आणि दुपारनंतर एका फोटो स्टुडिओत कामाला जायचे. स्टुडिओचे मालक खाडीकाठच्या गावचे, मी त्यांना काका म्हणायचे. पासपोर्टच्या फोटोला बुरखा वर करायचा तर समोर मुलगी असलेली बायकांना बरी वाटते, एवढ्यासाठी त्यांनी मला ठेवलं होतं. पण बटण दाबण्यापुरतं न ठेवता त्यांनी मला शटर, अॅपर्चर, फिल्मचा स्पीड, सगळं शिकवलं. लग्नाच्या मोसमात बायकांच्या बाजूचे फोटो एकटीला काढू दिले. "चुकलीस तरी चालंल, घाबरू नको," असं ते म्हणायचे. चुकले तेव्हाही खरंच काही बोलले नाहीत.

त्या वर्षी बाबांनी दिवाळीनंतर काम सोडायचं ठरवलं. पाठ धरते, म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचा कामावरचा एकही फोटो आपल्याकडे नाही. एक लग्नातला होता, एक रेशनकार्डासाठी काढलेला. मी म्हटलं, कारखान्यात येऊन तुमचे फोटो काढते. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी शेठना विचारून आले.

शेठ जुन्या वळणाचे होते. त्यांनी मला समोर बोलावून विचारलं, "बेटी, कहीं छापेगी तो नहीं?"

"नहीं चाचा, घर के लिए है. बाबा का काम करते हुए एक भी फोटो नहीं है."

"तो ठीक है. मगर ओढनी नहीं चलेगी. बाल भी बाँध के आना. पट्टे में कुछ फँसा तो मशीन किसी की नहीं सुनती."

मी भावाचा शर्ट घातला, वेणी आत खोचली आणि काकांचा कॅमेरा, फ्लॅश आणि तिपाई घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि कानांनी हातच टेकले. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना लूमच्या रांगा, वर काळपटलेल्या ट्यूबलाइट, आणि हवेत सगळीकडे रुई. भर दुपारी आत संध्याकाळसारखा उजेड. मी फ्लॅश लावून बाबांचे दहा-बारा फोटो काढले. मग वाटलं, एखादा फ्लॅशशिवाय घ्यावा, म्हणून तिपाई मांडली. तिच्यावर हात ठेवला तर ती थरथरत होती. एवढे लूम एकदम चालत असताना तिथली जमीनच कधी स्थिर नसते.

फोटो धुऊन आले तेव्हा मला रडू आलं. फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत बाबांच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे पांढरे गोल ठिपके होते. एकात तर त्यांचा डोळाच ठिपक्याखाली गेला होता. तिपाईवरचे फोटो नुसते रंगाचे फराटे.

काकांनी फोटो उलटसुलट करून पाहिले.

"हवेत रुई हाय ना, फ्लॅशचा उजेड पैला तिच्यावरच पडतो. बाबा मागं ऱ्हातो," ते म्हणाले. "आन शंभरच्या रोलला एवढ्या उजेडात शटर लई वेळ उघडा ठेवायला लागतो. तिथं जमीन हलते. कसा येल फोटो?"

"मग होणारच नाही का?"

 दुसऱ्या दिवशी घरून येताना काकांनी एक डबी आणली. फ्रिजमधली होती, बाहेर पाण्याचे थेंब धरले होते. आत सोळाशे स्पीडचा रंगीत रोल होता, छत्तीस फोटोंचा. असला रोल मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे सगळं काम शंभरच्या रोलवर चालायचं, चारशेचा रोलसुद्धा मुंबईहून मागवावा लागे. हा त्यांना आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकानं दिला होता आणि दीड वर्ष त्यांच्या घरी मिरच्यांच्या पिशवीशेजारी पडून होता.

"यो ने," ते म्हणाले. "तारीख दोन म्हैन्यांपूर्वी गेली, पण थंडीत होता. चालंल."

"तुम्ही कशाला ठेवला होता?"

मला वाटलं नव्हतं ते सांगतील. त्यांना कशेळीच्या खाडीत दिवेलागणीला परतणाऱ्या रेतीच्या होड्यांचे फोटो काढायचे होते. त्यांचे वडील त्याच होड्यांवर होते. पण नेमकी ती वेळ स्टुडिओत गर्दीची, त्यामुळे कधी जमलं नव्हतं. मी रोल परत त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो माझ्या पिशवीत टाकला.

"होड्या कुठं जातात? तुझा बाबा दिवाळीपासून तिथं नसंल."

मग मला चार गोष्टी समजावल्या. फ्लॅश घरी ठेवायचा. लेन्स पूर्ण उघडी. शटर साठच्या वर न्यायचं नाही, नाहीतर ट्यूबच्या फडफडण्यानं एक फोटो हिरवा येईल, एक पिवळा. कोपरं पोटाशी घट्ट, आणि बटण श्वास सोडताना दाबायचं.

यावेळी मी लगेच फोटो काढायला सुरुवात केली नाही. फ्लॅश नव्हता, त्यामुळे कुणाचं माझ्याकडे लक्ष जात नव्हतं. एका खांबाला टेकून मी बाबांना पाहत राहिले, आणि मला वेगळाच माणूस दिसला. त्या आवाजात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओठांनी आणि हातांनी बोलत. बाबा त्यात तरबेज होते. पाच लूम पलीकडच्या कारागिराला त्यांनी ओठांनी काहीतरी सांगितलं, बोटांनी एक खूण केली आणि दोघंही पोट धरून हसले. घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारे बाबा तिथं बडबडे होते. मी ते हसणं टिपलं. चहाचा ग्लास लूमच्या कडेवर ठेवून सूत गाठणारी त्यांची बोटं टिपली. आडवं सूत नेणारा धोटा मात्र नुसती धुरकट पट्टी होऊन येणार हे मला माहीत होतं. तो इतक्या वेगानं ये-जा करतो की सोळाशेचा रोलही त्याला धरू शकत नाही.

मग एका कारागिरानं त्यांना हाक मारल्यासारखा हात केला. त्याचा लूम नीट चालत नव्हता. बाबा तिथं गेले, पण त्यांनी अवजार हातात घेतलं नाही. उजवा तळवा लूमच्या लोखंडावर ठेवला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. हात थोडा खाली सरकवला, पुन्हा थांबले. मग डोळे उघडून पान्हा मागितला आणि थेट एका बोल्टाला हात घातला. मी ते सगळं काढलं. श्वास सोडताना बटण दाबायचं, हे त्या वेळी मला आठवलंही नाही, पण कोपरं पोटाशी होती.

तीस फोटो झाले तेव्हा मी थांबले. कॅमेरा तसाच काकांना नेऊन दिला आणि म्हटलं, "सहा शिल्लक आहेत. आज मी स्टुडिओ बघते, तुम्ही कशेळीला जा." ते नको नको म्हणाले, मग आरशात बघून केस विंचरले आणि गेले. मी त्यांना संध्याकाळी स्टुडिओबाहेर पडताना पहिल्यांदाच पाहिलं. परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली होती.

रोल घेऊन मी स्वतः एसटीनं कल्याणच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या ऑपरेटरनं पहिला प्रिंट काढला आणि तोंड वाकडं केलं. सगळं हिरवं. ट्यूबलाइटच्या उजेडात रंगीत फिल्म अशीच हिरवी येते. मी म्हटलं, माझ्या वडिलांचे फोटो आहेत. त्या माणसाची माझी ओळख ना पाळख. मागे इतरांच्या रोलची रांग लागलेली. तरीही त्यानं मशीनवर रंग कमी-जास्त करत चार वेळा तोच फोटो काढला, चौथ्या वेळी बाबांची कातडी कातडीसारखी दिसली, आणि मग त्याच हिशेबानं बाकीचे काढून दिले. "दाणे दिसतील, त्याला इलाज नाही," एवढंच म्हणाला. दाणे होते खरे, बाजरीचं पीठ भुरभुरल्यासारखे. पण बाबांचे डोळे, कपाळावरचा घाम, भुवयांवर बसलेली रुई, सगळं जागच्या जागी होतं.

रविवारी दुपारी मी ते फोटो खाटेवर मांडले. बाबा जेवून खाटेच्या टोकाला बसले होते. आई हात पुसत आली आणि वाकून एकेक फोटो बघायला लागली. 

"एवढ्या अंधारात काम करता तुम्ही?" ती म्हणाली. मान खालीच होती. बाबा गप्प.

मग तिनं तळव्याचा फोटो उचलला. "हे काय? पोराचा ताप बघावा तसा हात ठेवलाय मशीनवर."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"बघ," आई मला म्हणाली, "ऐकून घेतील तर शपथ."

मला त्या क्षणी काय वाटलं कुणास ठाऊक. मी बाबांच्या गुडघ्याला हात लावला, ते वळले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फोटो धरून मी सावकाश विचारलं, "बाबा, इथं तुम्ही काय करताय?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"ऐकतोय," ते म्हणाले.

"हातानं?"

"कानानं नाही येत आता. चार-पाच वर्षं झाली. लूम कुठं अडतोय ते हाताला कळतं."

आई खाटेवर बसली. "मला का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं, आणि यावेळी तिचं तोंड त्यांच्याकडे होतं.

"तू काळजी करत बसली असतीस. आणि बाहेर कळलं असतं तर बहिऱ्या जॉबरला कोण ठेवणार होतं?"

"मी तुम्हाला किती वर्षं काय काय बोलत आले."

"ते मला कुठं ऐकू आलं?" बाबा म्हणाले.

आई हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बाबा तिच्याकडे बघत बसले. मग त्यांनी माझ्याकडे बघून, कारखान्यातल्यासारखं, ओठांनीच सांगितलं, पाणी आण.

पुढच्याच आठवड्यात आई त्यांना ठाण्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते शिट्टी मारायचं, म्हणून बाबा ते फारसं लावत नसत. पण आईनं मागून बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं की हातातलं काम ठेवून समोर येऊन उभी राहायची. बाबांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत तिनं ते केलं. ते दोघं एकमेकांशी इतकं बोलू शकतात हे आम्हा भावंडांना तोवर माहीतच नव्हतं.

काकांचे सहा फोटो निळसर आणि गढूळ आले. दोन बरे होते. त्यातला एक त्यांनी मोठा करून स्टुडिओत नवऱ्या मुलींच्या फोटोंच्या रांगेत लावला. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय आहे. ते म्हणायचे, "माझा बाप जायचा त्या होड्या."

कारखान्यातल्या कारागिरांनाही मी त्यांचे फोटो दिले. बाबांबरोबर हसणारा होता, त्यानं आपला फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "गाँव में सब समझते हैं मैं ऑफिस में हूँ." तरी त्यानं तो पाकिटात घालून आझमगडला पाठवला.

काम सोडल्यावर बाबा कधी कधी दुपारचे स्टुडिओत येऊन बसत. एकदा मी रोल भरत होते. ते म्हणाले, "त्या अंधारात फोटो कसा आला ते सांग."

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि तोंड नीट उघडून सांगितलं. फिल्मवर बारीक दाणे असतात, त्यांच्यावर उजेड धरला जातो. शंभरच्या रोलचे दाणे बारीक, त्यांना उजेड भरपूर लागतो. सोळाशेचे मोठे, थोड्या उजेडातही भागतं. पण मग फोटो खरखरीत दिसतो.

बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सूत जाडं?"

"हो."

"जाड्या सुतानं कापड लवकर भरतं. पोत तेवढा रांगडा येतो." ते थोडं थांबले. "पण असलं कापड टिकतं. माणसं रोज वापरतात ते हेच."

मी एवढी वर्षं फोटो काढले, दुसऱ्यांना शिकवलेही. फिल्मचा स्पीड याहून नीट कुणी समजावलेला मला आठवत नाही. त्या दुपारी ते उठायच्या बेतात नव्हते आणि मलाही घाई नव्हती. मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शटर दाखवायला लागले. त्यांनी खिशातून चष्मा काढला.