कार्डाची मागची बाजू

ग्रंथपालबाईंच्या पसंतीला एखादी गोष्ट उतरणं म्हणजे महाकर्मकठीण. साधी शाईची बाटली घ्यायची तरी दुकानदाराच्या नाकी नऊ आणायच्या. त्यामुळे वाचनालयाचे अध्यक्ष जेव्हा म्हणाले, "सॉफ्टवेअर आपण करून घेऊ, पण त्याच्या आतला डेटाबेस फुकटातला बघा, कोणताही चालेल," तेव्हा बाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"फुकट आहे म्हणून डोळे झाकून घ्यायचा का? अकरा हजार पुस्तकं सांभाळायचीत त्याला."

अकरा हजार पुस्तकांची अकरा हजार कार्डं लाकडी खणांत होती. वर्षअखेरीपर्यंत ती संगणकात चढवायची आणि मग रद्दीत द्यायची, असा ठराव झाला होता. सॉफ्टवेअर करायचं काम बाईंच्या भाचीनं अंगावर घेतलं. ती याच धंद्यातली, शिवाय मावशीला अजिबात न घाबरणारी, म्हणून तिची निवड बिनविरोध झाली.

भाचीनं दोन मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारे, डेटाबेस आणले. त्यांची इंग्रजी नावं बाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्या सरळ धाकटा आणि थोरला म्हणू लागल्या. धाकटा गरीब स्वभावाचा, एका फाइलीत मावणारा. थोरल्याला बसवण्यातच अख्खी दुपार गेली.

मग बाईंनी परीक्षेसाठी खणांतून वीस नाठाळ कार्डं निवडून काढली. एकाला लेखकच नव्हता, एकाला सात होते. एका पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं, म्हणून नाव अंदाजानं लिहिलेलं. एक पुस्तक चौदा वर्षांपूर्वी कुणी नेलं ते नेलंच. दोन्ही डेटाबेसनी वीसही कार्डं पचवली. नंतर बाई देवघेवीच्या खिडकीवर, भाची वाचनकक्षात, अशा दोघी बसून एकाच वेळी पुस्तकं परत घेऊ लागल्या. धाकटा एकीचं लिहून होईपर्यंत दुसरीला थांबवायचा. थोरला दोघींचं एकदम ऐकायचा.

"सुटीच्या दिवशी आम्ही चौघं नोंदी करत असतो. थोरलाच बरा," बाई म्हणाल्या. "पण उद्या तू नसलीस, त्याला बनवणारेही राहिले नाहीत, तर?"

"अगं मावशी, तो आतून सगळा उघडा आहे. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. आपण लिहिलेलं कधीही सगळंच्या सगळं बाहेर काढता येतं. कुलूप लावून बसेल असा मालकच नाही त्याला."

बाईंनी हेच आणखी दोनदा विचारलं. भाचीला वाटलं, मावशीच्या डोक्यात काही शिरलेलं नाही.

आवराआवर करताना एक कार्ड उलटं पडलं. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पाठ नवी. शिवण मेणदोऱ्याची.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'सकाळी उगाच चिडलो. चूक माझी.'

"हे काकांचं अक्षर ना गं?"

बाईंचे यजमान याच वाचनालयात बाइंडर होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. कामावर नवराबायकोसारखं बोलायचं नाही, हे दोघांनी लग्नाच्या आठवड्यातच ठरवलं होतं, आणि ते इतकं कडक पाळलं की नव्या सभासदांना यांचं भांडण आहे असं वाटायचं. फाटलेलं पुस्तक खाली बाइंडिंगच्या खोलीत जाई, सोबत त्याचं कार्ड. काका मागच्या बाजूला दुरुस्ती टिपायचे आणि मनात आलं तर तिच्यासाठी एखादी ओळ. बाई कायम घाईत. पुस्तक वर आलं की कार्ड न उलटताच खणात. कितीतरी ओळी त्यांनी वाचल्याच नव्हत्या, आणि हे त्यांना फार उशिरा कळलं.

"मग सगळी कार्डं घरी घेऊन जा ना."

"एका रात्रीत वाचून काढीन. मला माझा भरवसा नाही," बाई म्हणाल्या. "आता कसं, कुणी पुस्तक मागतं, मी कार्ड उलटते, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा ते काहीतरी बोलतात. ठरावाप्रमाणे संगणकात फक्त पुढची बाजू चढवायची आहे. वाचनालयाच्या यंत्रात माझं घरचं कशाला, म्हणून गप्प बसले."

भाचीनं ते कार्ड सुलटं करून ठेवलं. "थोरल्यात शेऱ्याचा रकाना करते. कितीही लिहा, नाहीतर रिकामा सोडा, त्याची तक्रार नसते. शोधून सापडणार नाही. तू स्वतः त्या पुस्तकाची नोंद उघडलीस तरच दिसेल, तेही फक्त तुला."

"पण टाइप करतानाच मी वाचीन की."

"तू पुढची बाजू कर. मागची मी करते."

तसंच चाललं, रोज संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर. बाई कार्ड सुलटं ठेवून टाइप करायच्या आणि तसंच शेजारी सरकवायच्या. भाची ते उलटायची. कधी ती खुदकन हसे. एकदा उठून नळावर तोंड धुऊन आली. बाई ओठांवर आलेला प्रश्न गिळायच्या. फक्त एकदा राहवलं नाही.

"काय लिहिलंय गं?"

"दुरुस्ती," भाची म्हणाली.

कार्डं रद्दीत गेली त्या दिवशी बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरवर अकरा दिवस 'पाठ नवी', 'कोपरे चिकटवले' एवढंच येत राहिलं. एरवीही ओळ दोन-तीन महिन्यांनीच यायची, पण तेव्हा कार्डं खणात होती. आता आपण फसलो तर नाही, या विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला.

बाराव्या दिवशी एका म्हाताऱ्या सभासदानं बागकामावरचं जाडजूड पुस्तक मागितलं. बाईंनी नाव टाइप केलं. शेऱ्याच्या रकान्यात आलं, 'पुठ्ठा बदलला. माझं काम आटोपलं. तू घाई करू नकोस, मी खाली थांबलोय.'

"काय बाई, यंत्र अडलं का?" सभासदानं विचारलं.

"नाही हो, छान चाललंय. तुम्हाला घाई नाही ना?"

"छे. मला कसली घाई?"

"मलाही नाही," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून पुस्तक आणायला उठल्या.