आईला पाहुणी म्हणून न्यायचं होतं

आमच्या घरातलं कुणी कधी पाहुणं म्हणून कुणाकडं जात नसे. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई कसबा बावड्यात लोकांच्या उसातलं तण भांगलायला जायची. कुठं जायचं म्हटलं की दोघांची हजेरी बुडायची. लग्नकार्याला गेलीच, तर आई थेट मागच्या दारानं आत शिरायची आणि खरकट्या भांड्यांपुढं बसायची. दुसऱ्याच्या घरात रिकाम्या हातानं बसायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांची जेवणं उरकली की उभ्याउभ्या चार घास खायची.

पुढं मी बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला. हे मी एरवी ओळख व्हायच्या आधीच सांगतो. इथं जरा उशीर झाला. नोकरी लागली, जुनी का होईना चारचाकी आली, आणि मी ठरवलं, आईला एकदा पाहुणी म्हणून न्यायचं. कॉलेजातल्या दोस्ताचं घर कागलच्या पुढं, रानातच. मे महिन्यात त्यानं जेवायला बोलावलं.

वडील आले नाहीत. "वळीव लागलाय. आन् गाडी तू चालवणार. मी हितंच बरा हाय."

हायवेवर असा पाऊस लागला की पुढचा ट्रक दिसेना. मी मात्र आईला व्याख्यान देत होतो. खुर्चीवर बसायचं, भांड्याला हात लावायचा नाही, वगैरे.

"बरं," आई म्हणाली, "पर नुसतं बसून करू काय?"

हे बी.कॉम.ला नव्हतं.

कागल मागं पडलं आणि दोस्ताचा फोन आला. "गाडी डांबरीवरच लाव रं. फुडं काळं रान हाय, मी ट्रॅक्टर घिऊन येतो."

ट्रॅक्टर? आई जन्मभर ट्रॉलीत बसूनच कामाला गेली होती. आज गाडी दारातच थांबणार! मी डांबरी सोडली.

गाडी जरा पुढं गेली आणि रुतली. मी रेस केली, ती आणखी खाली बसली. मग मी ऐटीत उतरलो आणि मागनं ढकलायला लागलो. स्टेअरिंगवर कुणीच नाही, हे माझ्या ध्यानात यायच्या आत पाय सटकला आणि मी तोंडावर आपटलो. उठताना पुन्हा आपटलो.

दोस्त भावाला घेऊन आला. "सांगितलं हुतं का न्हाय? लेका, परीक्षेत बी तू प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर लिवायचास!"

आई उतरायला लागली. "मावशी, तुमी बसा की आत," दोस्त म्हणाला, "ह्योच ऱ्हाऊ दे भाईर. सीटा घाण करंल."

मग भाऊ ट्रॅक्टरवर, दोस्त माझ्या स्टेअरिंगवर, आई मागच्या सीटवर, आणि गाडीचा मालक चपला हातात घेऊन मागनं चालत, अशी आमची वरात निघाली.

दारात दोस्ताच्या आईनं मला बघून पदर तोंडाला लावला. "म्हस डुंबून आल्यागत दिसतंय की!"

अंघोळ करून, दोस्ताची लुंगी एका हातानं धरून मी बाहेर आलो, तर खुर्ची रिकामी. आई चुलीपुढं होती आणि तिचा हात पिठाच्या परातीकडं चालला होता.

"आई, काय ठरलं होतं आपलं?" मी ओरडलो. त्या नादात लुंगीनं दगा दिला, कशीबशी सावरली.

दोस्ताची आई हसूनहसून खाली बसली. तिनं आईलाही हाताला धरून शेजारी बसवलं. "अक्का, लहानपणी बी असंच ध्यान हुतं व्हय हे?"

"अवो, काय सांगू!" आई म्हणाली, आणि तिनं सांगायला घेतलं. शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजवरनं पडलो, तिथपासून. पुरुषमाणसं अजून जेवायची होती, तरी दोघींची ताटं आधी वाढली. मी वाढायला उभा राहिलो. माझी जसजशी अब्रू जाईल, तसतशी आईची भाकरी संपत होती. "पांढरा रस्सा घाल की अजून," ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, आणि पुढचा किस्सा चालू.

आई पोटभर जेवली, बसून जेवली. ताट दोस्ताच्या आईनं उचललं. आमच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच कुणाकडं पाहुणं म्हणून जेवलं.