पास्कल, कोबोल आणि अंबाडी

अंबाडीची पेंडी सोडली की तिचा आंबूस वास बोटांना लागतो. आज तो लागला आणि कमलनगरच्या आमच्या घरातली एक दुपार समोर आली. वाईट वाटलं असं नाही. नुसती समोर आली.

मी तेव्हा गुलबर्ग्याला कॉम्प्युटरचा कोर्स करत होते आणि सुटीला घरी आले होते. आई अंबाडी निवडत बसली होती. तिचं माहेर औरादच्या पलीकडे, तेलुगू मुलखात. पण आमच्याशी ती कायम मराठीच बोलायची. मी तिला कॉम्प्युटरच्या माझ्या नव्या भाषा समजावत होते.

“बेसिक म्हंजे बाजारातली उर्दू बघ, मोडकीतोडकी बोलली तरी काम होतंय. पास्कल म्हंजे कचेरीतली कन्नड, एक ठिपका चुकला की अर्ज माघारी. अन् कोबोल म्हंजे लग्नातला व्याही. पाणी मागायला बी पाव तास लावतो.”

आई पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, “एवढ्या भाषा शिकायलीस, माझी कामून न्हाई शिकलीस गं?”

“तिचा काय उपयोग?” मी म्हणाले.

“व्हय, ते बी खरंच.” देठं गोळा करून ती उठली आणि आत जाता जाता तेलुगूत काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्या तिन्ही भाषांतली एक ओळही मला आज लिहिता येणार नाही. आईचं ते वाक्य मात्र अजून जसंच्या तसं म्हणून दाखवता येतं. त्याचा अर्थ तेवढा माहीत नाही.