शालिग्रामच्या दुकानातला बुधवार

धामणगाव बढ्यात शालिग्रामशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे. बाजाराच्या तोंडाशीच त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. गावाबाहेरचा भाजीचा मळा बायको अन्नपूर्णाबाई सांभाळी. हा दिवसभर हातात पाना घेऊन बसे आणि येईल त्याला त्याची चूक दाखवून देई. कपाशीला खत कोणतं, पाऊस कधी, सरकारचं काय चुकतं, सगळ्याची उत्तरं तयार. "असंच हाय," म्हणून त्यानं पाना आपटला की विषय मिटला. या दोन शब्दांपायी सख्खा भाऊ दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. शालिग्रामला मात्र वाटे, आपण खरं बोलतो म्हणून माणसं तुटतात.

एकोणीसशे बासष्ट साली पंचायत समिती नवीनच झाली आणि शाळेला पुस्तकांची एक पेटी आली. नारायणराव गुरुजी सायकलची चेन बसवायला आले, तेव्हा त्यातलं एक पातळसं पुस्तक त्यांच्या पिशवीत होतं. जुन्या अमेरिकेची हकिकत. चेन बसेपर्यंत गुरुजींनी एक पान वाचून दाखवलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया नावाच्या शहरात एक छापखानेवाला होता. त्यानं सुतार, मोची, काचा बसवणारे अशी हातानं काम करणारी माणसं गोळा केली. दर शुक्रवारी जमायचं, एकेक प्रश्न घ्यायचा, डोकं चालवायचं. पुस्तकं वर्गणीतून. आणि तिथं कोणी 'असंच आहे' म्हणायचं नाही. 'मला असं वाटतं' म्हणायचं. चुकेल त्याला दंड. छापखानेवाला स्वतःही तरुणपणी मोठा हेकट होता म्हणे.

शालिग्रामचा हात थांबला. "हेकट असून सुधरला?"

"तसं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय," गुरुजी म्हणाले.

पुढच्याच बुधवारी दिवेलागणीला दुकानात मंडळ बसलं. गुरुजी, किराणावाले किसनराव, पन्नास एकरांचे धनी उकंडराव आणि शालिग्राम. पैशाचा दंड कोणाला परवडणार? म्हणून ठरलं, चुकेल त्यानं दुकानातल्या सायकलीच्या एका चाकात हवा भरायची. त्या दिवशी एकट्या शालिग्रामनं अकरा चाकं भरली. गावाला हे कळलं तसे लोक मुद्दाम बुधवारी सायकली आणून उभ्या करू लागले.

खांदे दुखून आले, पण शालिग्रामनं मंडळ सोडलं नाही. कारण त्याला एक नवलच दिसलं होतं. 'मले असं वाटते' म्हटलं की समोरचा माणूस बोलू लागतो. इतकी वर्षं लोक आपल्यापुढं गप्प बसले ते पटलं म्हणून नव्हे, कंटाळून, हे कळायला त्याला चाळिशी ओलांडावी लागली. पोळ्याला तो आपणहून भावाच्या दारी गेला. काय बोलला ते कोणाला ठाऊक नाही, पण दोघं जेवले एका ताटात.

पुस्तक पुढं सरकलं. अमेरिका स्वतंत्र झाली तो जाहीरनामा आला. सगळी माणसं जन्मानं सारखी, हे वाक्य गुरुजींनी दोनदा वाचलं. शालिग्राम इतका हरखला, की पेंटरला बोलावून दुकानाच्या पाटीवर ते ठळक लिहूनच घेतलं.

मागच्या खोलीत अन्नपूर्णाबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत असे. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान इकडेच असत. पाटी रंगल्यावरच्या बुधवारी तिनं दाराआडूनच विचारलं, "गुरुजी, ज्यानं हे लिवलं, त्याच्या वावरात कोन राबे?"

पुस्तकात काही नव्हतं. गुरुजींनी मेहकरच्या एका ओळखीच्या इतिहासाच्या शिक्षकांना कार्ड टाकलं. उत्तर आलं: जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या शेतात गुलाम राबत, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. छापखानेवाल्याच्या घरीही काही होते. म्हातारपणी मात्र तो गुलामीच्या विरोधात उभा राहिला.

शालिग्रामला अन्न गोड लागेना. सकाळी तो रॉकेलचा बोळा घेऊन पाटी पुसायला शिडीवर चढला. अन्नपूर्णाबाई डोक्यावर टोपली घेऊन मळ्याकडे निघाली होती. ती थांबली.

"काऊन पुसता?"

"लिवनाराच खोटा निघाला."

"मानूस कमी पडला. बोल त्याचा चांगलाच हाय. पुसाच्या आधी आपल्या दुकानात कोन कुठं बसते ते पाहा एकडाव."

शालिग्रामनं शिडीवरच बुधवारची बैठक आठवून पाहिली. उकंडराव खुर्चीवर, गुरुजी स्टुलावर, आपण आणि किसनराव पोत्यावर. उकंडरावांचा सालदार गडी शंकर कंदील धरून पायरीखाली उभा. आणि ही दाराआड. तो खाली उतरला. बोळा फेकून दिला.

पुढच्या बुधवारी दुकानात खुर्ची नव्हती. एकच सतरंजी होती. शालिग्रामनं शंकरला "शंकरराव, बसा" म्हणून आत घेतलं. अन्नपूर्णाबाई मेथीसकट बाहेर येऊन बसली. उकंडराव उंबऱ्यावर उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. मंडळ मोडणार असं किसनरावांना वाटलं. शालिग्रामला पूर्वीसारखं जाऊन भांडावंसं वाटत होतं. त्यानं ते गिळलं. उलट दर गुरुवारी तो उकंडरावांच्या घरी जाई आणि काल काय बोलणं झालं ते सांगून येई. तिथं त्याला कोणी बस म्हणत नसे. पाचव्या बुधवारी उकंडराव आले, गुडघे धरत खाली बसले आणि शंकररावाला म्हणाले, "सरक थोडा, मले भिंतीले टेकू दे."

तिसऱ्या वर्षी वर्गणीतून दुकानात पुस्तकांचं कपाट झालं. गुरुजींनी अन्नपूर्णाबाईला अक्षर शिकवलं आणि किल्ली तिच्याच कमरेला आली. ती पुस्तक मळ्यात नेई. वाचता वाचता कधी कांद्याचं पाणी राहून जाई. मग शालिग्राम लवकर दुकान बंद करी मळ्यात येई आणि तिला वाचनातून न उठवता वाफ्याचं मातीचं दार मोडून कांद्याला पाणी फिरवी.