कल्याणशी शेवटचा डाव

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं गाव, आणि त्या गावात कल्याणच्या माणसांबद्दल आजही कोणी बरं बोलत नाही. तिकडची सोयरीक आली की म्हातारे मान हलवतात, आणि कारण विचारलं की माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगतात. ती गोष्ट अर्धी खोटी आहे. खोटा अर्धा माझा आहे, तेव्हा तो मीच निस्तरायला हवा.

आट्यापाट्यांत ठाणे आणि कल्याण यांचं हाडवैर होतं. भातं कापून झाली की थंडीत एक डाव व्हायचा, एका वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. जमिनीवर नऊ आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येकीवर एक गडी पहारा करणार, आणि समोरच्यांनी अंगाला हात लागू न देता त्या ओलांडून परत यायचं. मधून एक उभी पाटी, ती सूरपाटी. तिच्यावरच्या गड्याला मैदानभर मागेपुढे पळता येतं, म्हणून डाव खरा त्याच्या पायांत असतो. कल्याणला जाताना आम्ही टोपलीभर मीठ घेऊन जायचो आणि रेघा त्यानंच आखायचो. त्यांच्या राखेच्या रेघा त्यांच्या सोयीनं सरकतात, असा आमचा जुना आरोप होता. तो खरा होता की नाही, देव जाणे.

सूरपाटी दादूसची. आमच्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. तो मिठागरात राबायचा, मी चार बुकं शिकून कचेरीत कारकून झालो होतो. गावात मला मान होता, मैदानात मात्र मी शेवटच्या पाटीवरचा साधा गडी. दादूसची जागा मला हवी होती. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

प्लेगाचे दिवस होते. कल्याण ठेसनावर उतरणाऱ्या प्रत्येकाची काख आणि जांघ चाचपत, गाठ लागली की माणसाला गावाबाहेरच्या छावणीत नेत. डावाच्या चार दिवस आधी मिठागराचा बांध घालताना कालवाच्या शिंपल्यानं दादूसच्या पायाचा तळवा कापला. जखम चिडली आणि जांघेत अवधाणाची गाठ आली. चिखलात राबणाऱ्याला अवधाण नवं नसतं. विटेचा शेक द्यायचा, चार दिवसांत गाठ बसते. एरवी आम्ही भरती धरून होडीनंच कल्याणला जायचो. या खेपेला मी म्हटलं, आगगाडीनं जाऊ, दादूसच्या पायाला आराम पडेल. शिकलेला मी एकटाच, सगळ्यांनी ऐकलं. प्लेगाचे हुकूम कचेरीत मी माझ्या हातानं उतरवून काढत होतो, आणि तरी ती गाठ कुठे आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कल्याण ठेसनावर साहेब डॉक्टरचा हात दादूसच्या जांघेशी थांबला आणि दादूसला बाजूला काढलं. माझ्या मोडक्या इंग्रजीकडे साहेबानं लक्षही दिलं नाही. त्याच्या हाताखालचा आपला एक माणूस होता, तो हळूच मला म्हणाला, "साहेब आता छावणीतच जाणार आहेत. दुपारच्या गाडीनं पुढे निघतील. त्याआधी तिथे या आणि त्यांना भावाचा पाय दाखवा, मी समजावून सांगतो. ते गेले की तीन दिवस कोणी सोडणारा नाही."

दादूस शिपायांच्या पलीकडून ओरडला, "मना काय नाय झायला! तू ये रे लवकर!"

मैदान छावणीच्या वाटेवरच होतं. कल्याणवाले वाट बघत होते. त्यांचा सूरपाटीवाला, उंच, काळाभोर गडी, गेली कित्येक वर्षं दादूसचा कट्टर वैरी. झाला प्रकार ऐकून तो म्हणाला, "डाव राहू दे. पयला भावाला घेऊन ये. आमी थांबतो."

आमचे गडी एकमेकांकडे बघू लागले. एकजण कुजबुजला, "आता गेलो तर ठाण्यानं डाव सोडला म्हणून गावभर पिटतील." मलाही ते पटलं, किंवा पटवून घ्यायला सोपं गेलं. सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता. सूरपाटी रिकामी होती. मी म्हणालो, "एक डाव खेळू, मग जातो." कल्याणचा तो गडी माझ्याकडे बघत राहिला, मग आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी मी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो. आम्ही जिंकलो. आमच्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

छावणीत पोचलो तेव्हा गाडी गेली होती. त्या हाताखालच्या माणसानं माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत धूळ आणि मीठ. "खेळून आलात?" एवढंच त्यानं विचारलं. दादूसला तापाच्या रोग्यांच्या झोपडीत घातलं होतं. साहेब चौथ्या दिवशी आला तेव्हा दादूसला खरोखरच ताप चढला होता, आणि आठव्या दिवशी तो गेला. मला त्याच्या अंगाला हात लावू दिला नाही. ते सगळे दिवस तो कल्याणचा गडी कुंपणाशी पेज आणून देत होता. त्यातले दोन दिवस मी कचेरीत होतो, तो मात्र कुंपणाशीच होता.

घरी आईनं विचारलं, "तू कुठं होतास?"

मी म्हणालो, "कल्यानवाल्यांनी हलूच दिला नाय. डाव पुरा करा म्हनाले. दादूसपन म्हनाला, डाव सोरू नका."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं आणि लगेच खरं झालं, कारण गावाला तेच ऐकायचं होतं. कल्याणशी डाव त्या वर्षापासून बंद झाला.

तेराव्याला कल्याणचा तो गडी होडीनं आला. डोक्यावर नव्या तांदळाची गोणी, जेवणासाठी आणलेली. अंगणात त्यानं ती उतरवली तशी आई आतून धावत आली. "माझे पोराला मारलास, न आता तांदूल घेऊन आलास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय ते सांगेन, असं त्याला वाटलं असणार. माझ्या हातात पत्रावळी होत्या. मी खाली बसून त्या मांडायला लागलो, एकेक सरळ करत, आणि सगळी पंगत मांडून होईपर्यंत मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा तो अंगणात नव्हता. गोणी तो परत घेऊन गेला होता. समोर खाडीला ओहोटी होती, होडी हलत नव्हती, आणि तो मांडीभर चिखलात उभा राहून एकटाच ती लोटत होता. आमच्यातला कोणी हात द्यायला गेला नाही. आई म्हणाली, "बघतोस क? पानी वार." मी तांब्या उचलला आणि पाणी वाढायला लागलो.