टाकेमास्तरांनी गप्प केलेला दिवा

डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि हे गृहस्थ गाड्यांना, म्हणून सारा रस्ता त्यांना टाकेमास्तर म्हणायचा. खरं नाव वीजबिलावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. एक बोजड शिवणयंत्र, भिंतीला टेकून उभ्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, आणि चिकटवायच्या द्रावणाचा डबा. तो उघडला की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "झाकण लावा हो! माझ्या चहाला तुमच्या धंद्याचा वास येतो."

सीट कुणीही शिवतं, असं मास्तरांचं ठाम मत. खरी परीक्षा स्टिअरिंगची. "सीटवर माणूस पाठ टेकतो, आणि पाठीला काही कळत नाही. स्टिअरिंगवर तळहात असतो. टाका चुकला की तळहात चुगली करतो." ओलसर चामडं चाकावर ताणायचं, दोन वाकड्या सुयांनी दोन्ही कडांतून दोरा ओढत न्यायचा, आणि घड्याळात सहा वाजतात त्या जागी येऊन थांबायचं. तिथे शेवटचा टाका मास्तर उलटा घ्यायचे आणि गाठ आत लपवायचे. ही त्यांची सही. बघणाऱ्याला दिसायची नाही, बोट फिरवलं तरच लागायची.

त्या रविवारी दुपारी दारात हॉर्न वाजला. मास्तर हातातली सुई तशीच कापडात खोचून बाहेर आले. लेक गाडीतून उतरत होती, चेहऱ्यावर पहिल्या नंबराचं हसू. मागे जावई, आणि मागच्या सीटवर झोपलेली चार वर्षांची नात.

"बाबा, ओळखा कुणाची?"

"कुणाची?"

"माझी! जुनी आहे, पण आहे की नाही नवरीसारखी?"

जावई वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात होता. दुकानदार त्याला पाहिलं की काट्यावरचं बोट आपोआप काढून घ्यायचे. घरीसुद्धा भाजीवाल्याने दिलेला किलो तो पुन्हा मोजायचा. म्हणून सासूबाई त्याला लाडाने 'आमचे काटेवाले' म्हणायच्या.

"महिनाभर डोकं खाल्लं यांनी," लेक म्हणाली. "तेरा गाड्या बघितल्या. प्रत्येकीत खोट."

"खोट नसते कुठे?" जावई म्हणाला. "ती सापडेपर्यंत बघायचं. हिच्यात नाही सापडली. मेकॅनिक नेला होता सोबत. बाबा, हिला दोन एअरबॅग आहेत. रोज मोठ्या रस्त्याने वीस किलोमीटर जायचंय, मागे पोरगी. म्हटलं, बाकी काही नसलं तरी चालेल, ते पाहिजेच."

"बसा ना आत!" लेकीने मास्तरांना हाताला धरून चालकाच्या जागी बसवलं. "आणि स्टिअरिंग बघा. तुमच्या खात्यातलं आहे."

मास्तरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. काळं, बारीक छिद्रांचं चामडं, चेरीच्या रंगाचा दोरा. डोळ्यांनी अजून काही ओळखलं नव्हतं, तोवर उजव्या हाताचं बोट सवयीने खाली सहाच्या जागी गेलं. तिथे एक टाका उलटा होता.

अंगावर थंड पाण्याचा तांब्या ओतावा तसं झालं त्यांना.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक व्यायामशाळावाला आला होता, दंड असे की दुकानाच्या दारातून तिरका आत शिरला. काखेत खोकं. खोक्यात बाहेरून मागवलेलं स्टिअरिंग, कंपनीच्या चाकापेक्षा लहान, खालून चपटं. "हे बसवा मास्तर, आणि चामडं तुमच्या हातचं."

खरं तर चाक बदलणं हे मास्तरांचं काम नव्हतं. पण 'जमत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. दुसऱ्याचं बघून बघून ते शिकले होते. बॅटरीची तार काढून चहा होईपर्यंत थांबायचं, म्हणजे एअरबॅगमधली उरलीसुरली वीज निघून जाते. मग मागच्या पकडी दाबून ती अलगद बाहेर घ्यायची. मधला नट सैल करायचा पण शेवटच्या दोन आट्यांवर राहू द्यायचा, नाहीतर ओढताना चाक सुटून थेट नाकावर. दांड्यावर खडूने खूण, म्हणजे नवं चाक वाकडं बसत नाही. सगळं त्यांनी नीट केलं. नवं चाक बसलं, शोभलं. आणि समोरच्या काचेआड एक लाल दिवा पेटला, एअरबॅग नाही म्हणून सांगणारा.

"हा डोळ्यात खुपतो हो," व्यायामशाळावाला म्हणाला.

"खुपायलाच लावलाय तो. आता एअरबॅग नाही, जपून चालवा."

"मला माहीत आहे ना नाही ते! मग रोज रोज कशाला सांगतोय हा? घालवा."

मास्तरांनी तो घालवला. बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर तारांच्या टोकांना जोडला, की गाडीच्या मेंदूला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा पुरता मेलाही नाही. चावी फिरवली की चार सेकंद पेटायचा आणि शहाण्या मुलासारखा विझायचा, जसा धडधाकट गाडीत विझतो. आणि मग मास्तरांच्या अंगात कला संचारली. चाकाच्या मधोमध नुसतं हॉर्नचं बटण भकास दिसतं म्हणून त्यांनी चामड्याची उशी शिवली आणि तिच्यावर एअरबॅगची इंग्रजी अक्षरं उठवली, कंपनीसारखी. नाटकातला मुकुट पुठ्ठ्याचा असतो, पण तो राजालाही ठाऊक असतं आणि प्रेक्षकालाही. कुणी तो घालून लढाईवर जात नाही. मास्तरांनीही स्वतःला असंच समजावलं. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, मग फसवलं कुणाला? त्या स्टिअरिंगचा फोटो त्यांनी दुकानात लावला. तो बघून आणखी गिऱ्हाइकं आली.

गाडी विकली जाते, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं गाड्यांत काढलेल्या माणसाच्या!

"कसं आहे?" लेक खिडकीतून वाकून विचारत होती. "राग नका मानू बाबा, पण तुमच्यापेक्षा बारीक टाका आहे. कुठल्यातरी मोठ्या कारागिराचा असणार."

आणि इथे जे झालं त्याची मास्तरांना पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. एका क्षणापुरतं त्यांना बरं वाटलं. पोटच्या पोरीच्या छातीसमोर आपण ठेवलेली ती पोकळ उशी, आणि हा गडी टाक्याच्या कौतुकाने सुखावला!

"चांगलंय," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "जरा सैल वाटतंय. गाडी ठेवून जा दोन दिवस. बघतो मी."

"सैल?" जावयाच्या कपाळाला आठी पडली. त्याने आत हात घालून चाक हलवलं. "नाही हो. मी स्वतः तपासलंय."

"वाटतं तसं. वय झालं."

"मग वयाला गॅरेजमध्ये ठेवा, माझ्या गाडीला नको," लेक हसली. "उद्या सकाळी मला कामावर न्यायचीय."

तेवढ्यात बायको पदराला हात पुसत आली. तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, आत डोकावली, आणि म्हणाली, "अहो, हा दोरा तर..."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. दोऱ्यांना मेण लावायचं काम तिच्याकडे होतं. चेरीचा रंग तिनेच निवडला होता. "चहा टाकते," म्हणून ती आत गेली. मास्तरही मागोमाग गेले, पाणी प्यायच्या निमित्ताने.

"त्याच जिमवाल्याची ना?"

"हं."

"म्हणजे त्यात ते नाही."

"हळू बोल. दोन दिवस गाडी ठेवून घेतो. खरी एअरबॅग बसवून टाकतो, कुणाला कळणारही नाही."

"आणि ती उद्या घेऊन गेली तर?"

मास्तरांनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" तिने आवाज चढवला नाही. साखरेचा डबा मात्र असा आपटला की आतले दाणे उडाले. "तेव्हाच म्हटलं होतं मी, अक्षरं कशाला काढता. तर म्हणे, शोभा!"

मास्तर दुकानात गेले. टाके उसवायचं बारीक पात्याचं हत्यार उचललं. बाहेर आले तेव्हा लेक काच पुसत होती आणि जावई चाकातली हवा बोटाने दाबून बघत होता. मास्तर सरळ गाडीत बसले आणि मधल्या उशीच्या कडेला पातं घातलं.

"बाबा! अहो, काय करताय?" लेक ओरडली. मागे नात दचकून उठली.

टर्रकन एक बाजू उसवली. मग दुसरी. मास्तरांनी चामडं उलगडून धरलं. आत पिवळा स्पंज, त्याखाली प्लायवूडची चकती, आणि हॉर्नच्या दोन तारा. त्याखेरीज काही नाही.

"हे मी केलंय," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी. यात एअरबॅग नाही. दिवासुद्धा मीच गप्प केलाय. तुमच्या मेकॅनिकला कळणं शक्यच नव्हतं."

जावई वाकून त्या स्पंजकडे बघत राहिला. दुसऱ्यांची खोटी वजनं पकडणारा माणूस, त्याचे कान लाल झाले. "मी दिवा बघितला होता," तो स्वतःशीच म्हणाला. "चार सेकंद. मोजले होते मी." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तो तर स्वतःचीच चूक असल्यासारखा उभा होता.

लेकीने नातीला उचलून कडेवर घेतलं.

"मघाशी बसलात तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि 'सैल' म्हणालात."

मास्तरांनी मान खाली घातली.

"ही गाडी दुसऱ्या कुणी घेतली असती तर?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. दुसऱ्या कुणी घेतली असती तर मास्तर आज निवांत सुई ओवत बसले असते.

"अशा किती केल्यात?"

वही नव्हती, पण मास्तरांना दोऱ्यावरून गाड्या आठवायच्या. निळा दोरा, औषधांच्या दुकानवाल्याची. पिवळा, त्या दोन भावांची. करडा दुहेरी, शाळेच्या बाई. डोळे मिटून ते मोजत राहिले. "अकरा," ते म्हणाले. "ही धरून."

चहा कुणी घेतला नाही. ती तिघं बसने गेली.

गाडीला कंपनीचं स्टिअरिंग आणि खरी एअरबॅग बसली ती मोठ्या कारखान्यात. मास्तरांनी हात लावायचा नाही, ही लेकीची अट. ते काचेच्या भिंतीबाहेर बाकावर बसून राहिले. आत त्यांच्या लेकीपेक्षाही लहान असं कुणीतरी पोरगं काम करत होतं. त्याने खडूची खूण विसरू नये म्हणून इकडे मास्तरांचा हात शिवशिवत होता, पण उठून सांगायचं तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी दुकानातला फोटो उतरला आणि मास्तर पायी निघाले. फोन करून भागणार नाही, असं बायकोचं म्हणणं. "फोनवर माणूस नाटक करतो. समोर जा."

औषधवाल्याने दारातच ऐकून घेतलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांनीही ऐकलं. "दिवा गेला आणि मी विसरूनच गेलो. म्हणजे माझी बायको अडीच वर्षं..." एवढंच तो म्हणाला आणि गाडीची किल्ली खिशातून काढून गल्ल्यात टाकली. दोन भावांपैकी थोरला खो खो हसला, "मास्तर, आम्हाला माहीतच होतं की! तुम्ही सांगितलं होतंत." मग धाकट्याने विचारलं, "पण दादा, पुढच्या महिन्यात आपण ती गाडी मेव्हण्याला देणार होतो ना?" आणि थोरल्याचं हसू ओठांवरच वाळलं. शाळेच्या बाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचं वय माझ्या वडिलांएवढं. काय बोलू मी तुम्हाला?" मास्तर त्या दिवशी पुढच्या घरी जाऊ शकले नाहीत.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. जेवलात का नाही, तब्येत कशी आहे, काही नाही.

"किती झाले?"

"पाच."

"बरं." आणि फोन बंद.

मग सात झाले, मग नऊ. ज्यांच्याकडे गाड्या अजून होत्या, त्यांच्या उशा मास्तरांनी स्वतः उसवल्या आणि रेझिस्टर काढून दिवे जागे केले. लाल दिवा काचेआड पेटून राहायचा आणि गाडीचा मालक मास्तरांकडे बघायचा. मास्तर त्या दिव्याकडे.

दहाव्या गाडीचा दोरा हिरवा होता. मालकाने ती दीड वर्षापूर्वी विकली होती. घेणारा माणूस घर सोडून कुठेतरी बदलीवर गेला होता. कुठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. एका शेजारणीला एवढंच आठवत होतं की त्यांना जुळ्या मुली होत्या, त्या इथल्याच शाळेत जायच्या आणि गाडीत पुढच्या सीटसाठी भांडायच्या.

संध्याकाळी फोन आला.

"किती झाले?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज जरा कापरा केला, हे त्यांचं त्यांनाच कळलं. चाळीस वर्षांची प्रतिष्ठा रोज एकेका दारात ठेवून आलेला बाप, आता तरी पोर म्हणेल, जाऊ द्या बाबा, तुम्ही खूप केलंत. त्या वाक्यासाठी ते फोन कानाला घट्ट धरून उभे होते.

पलीकडे नातीला 'थांब गं' म्हटल्याचं ऐकू आलं.

"जुळ्या मुली," लेक म्हणाली. "म्हणजे आताही कुठल्यातरी शाळेत असतील. जुन्या शाळेतून दाखला नेला असेल ना, नव्या शाळेचं नाव लिहून?"

"हो," मास्तर हळूच म्हणाले. "असेल."

"मग विचारा की उद्या. तुमच्या त्या बाई त्याच शाळेत आहेत ना?"

ज्या बाईंनी पाणी दिलं होतं, खुर्ची दिली होती, त्यांच्याच दारात पुन्हा. मास्तरांनी डोळे मिटले.

"सकाळी जातो," ते म्हणाले.